द्राक्षाच्या घडाची तपासणी होते, विहिरीच्या पाण्याची का नाही?

तणनाशकांवर बोलायला बसलं की आपल्याकडे विषय लगेच कॅन्सरवर जातो. ग्लायफोसेटनं कॅन्सर होतो, असं एकानं म्हणायचं. जगभर वापरतात, कुणाला काही होत नाही, असं दुसऱ्यानं. दोघांच्याही मोबाईलमध्ये पुरावा असतो. वाद संपत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गडी पाठीवर पंप घेऊन उसात शिरतो. हा वाद सुटायची वाट बघत बसायची गरज नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. सांगली-साताऱ्याच्या रानात तणनाशकांमुळे जे बिघडतंय, त्यातलं बरंचसं आज, हातात आहे त्या माहितीवर थांबवता येण्यासारखं आहे.

पण तो वाद टाळून पुढं जाणंही बरोबर नाही. मार्च 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं, म्हणजे फ्रान्समधल्या लिआँच्या आयएआरसीनं, ग्लायफोसेटला ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा 2अ गटात टाकलं. त्याच वर्षी युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं असा धोका संभवत नाही, असा निष्कर्ष काढला. अमेरिकेची पर्यावरण संस्थाही तेच सांगत आली. युरोपीय संघानं 2023 च्या अखेरीस ग्लायफोसेटला आणखी 10 वर्षांची मुभा दिली. हे सगळं वाचून कुणीतरी खोटं बोलतंय असं लोकांना वाटतं. पण दोघांनी स्वतःला विचारलेले प्रश्नच वेगळे होते. या पदार्थात कॅन्सर घडवण्याची ताकद आहे का, हे आयएआरसी बघते. ठरवून दिलेल्या मात्रेत, ठरवून दिलेल्या पद्धतीनं वापरलं तर धोका किती, हे नियामक बघतात. 2अ गटात लाल मांस आहे, 65 अंशांच्या वरचं गरम पेयही आहे. तेव्हा 2अ म्हटलं की हाहाकार करायचं कारण नाही. आणि नियामकांनी ‘चालेल’ म्हटलं म्हणून कसंही मारायला मोकळीक मिळाली, असंही नाही.

अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत 54 हजारांवर फवारणी करणाऱ्यांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. 2018 च्या त्या अहवालात ग्लायफोसेट आणि लसिकाग्रंथींचा कॅन्सर यांचा ठोस संबंध आढळला नाही. पुढच्याच वर्षी, अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, सगळ्यात जास्त संपर्क आलेल्या लोकांमध्ये नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्याच एका कॅन्सरचा, धोका 41 टक्क्यांनी जास्त दिसला. ग्लायफोसेट निर्धोक असल्याचा दाखला म्हणून ज्याचा हवाला वर्षानुवर्षं दिला जायचा, तो 2000 सालचा एक निबंध 2025 मध्ये नियतकालिकानं मागे घेतला. कंपनीच्या माणसांचा त्या लिखाणात हात होता, हे कोर्टात आलेल्या कागदांतून बाहेर पडलं होतं. मला या सगळ्यातून एक गोष्ट दिसते. ‘सुरक्षित’ हा शिक्का ज्या वापराला मिळालाय, तो वापर आपल्याकडं होत नाही. आयोवातले ते फवारणारे परवाना काढलेले, प्रशिक्षण घेतलेले होते.

आपल्याकडचा वापर बघा. जानेवारीत लावलेला सुरू ऊस मार्चमध्ये गुडघ्याएवढा झालेला असतो. सरीत आदल्या दिवशीचं पाणी, त्यात अनवाणी पाय. पाठीवर 15 लिटरचा पंप, त्याचं झाकण नीट बसत नाही म्हणून कमरेपर्यंत शर्ट ओला. मात्रा बाटलीच्या टोपणानं मोजलेली, आणि लव्हाळा जाईना म्हणून दोन टोपणं जास्तच. चार सऱ्या झाल्या की नोझल तुंबतं. गडी ते काढतो, तोंडाला लावतो, फुंकर मारतो, परत बसवतो. हातमोजे, चष्मा, तोंडाला फडकं यातलं काही नसतं, कारण मार्च-एप्रिलच्या उन्हात ते घालून दोन तास टिकणं शक्य नाही आणि देणाराही कुणी नाही. दुपारी त्याच हातानं भाकरी. बाटलीवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. तो विषाची तीव्रता सांगतो. ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याला त्याचा अर्थ कुणी सांगितलेला नसतो. बारीक अक्षरांची घडीपत्रिका तर दुकानातच राहते.

हा गडी बहुतेकदा दुसऱ्याच्या रानात रोजंदारीवर असतो. फायदा रानमालकाचा, अंगावर उडणारं पाणी त्याचं. हे मनात ठेवूनच पुढचं वाचावं.

आता शेतकऱ्याची बाजू. ती खोटी नाही. उसाला पहिले 3 ते 4 महिने तणाचा ताण सोसत नाही; तेव्हा रान स्वच्छ नसेल तर फुटवे मरतात आणि टनेज तिथंच जातं. पूर्वी दोन-तीन भांगलणी व्हायच्या. आज एका एकराला दहा-बारा बाया लागतात, हजेरी तीनशेच्या पुढं गेलेली, आणि पैसे मोजायची तयारी असली तरी वेळेवर बाया मिळत नाहीत. पावसाळ्यात सलग आठ दिवस वाफसाच येत नाही. तोवर हरळी आणि लव्हाळा सरी झाकून टाकतात. मेट्रिब्युझिन किंवा ॲट्राझिन या तणनाशकांचा एक हात फिरवला की महिनाभर निवांत. पोरं शहरात, घरात दोन म्हातारी माणसं, अशा शेतकऱ्याला ‘तणनाशक मारू नका’ असा उपदेश पुण्यात बसून करणाऱ्याचा मला राग येतो.

आणखी एक बाजू आहे, ती तर पर्यावरणाच्याच अंगानं येते. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं एसआरटी तंत्र बिननांगरणीचं आहे: गादीवाफे मोडायचे नाहीत, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची, त्यानं सेंद्रिय कर्ब वाढतो, गांडुळं परत येतात. हे खरं आहे. पण नांगर थांबवल्यावर उगवणारं तण मारायला त्या पद्धतीत ग्लायफोसेटच लागलं. म्हणजे जमीन वाचवायची तर तणनाशक, आणि तणनाशक टाळायचं तर नांगरट, असा पेच प्रामाणिक माणसांपुढंही आहे. यातून एका घोषणेनं सुटका होत नाही. म्हणूनच मी सगळ्या तणनाशकांवर सरसकट बंदी मागत नाही. प्रत्येक रसायनाचा स्वभाव वेगळा आहे, त्याला निर्णयही वेगळा हवा.

पॅराक्वाटपासून सुरुवात करतो, कारण तिथं वादाला जागाच नाही. हे रसायन पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. ते फुफ्फुसात साठतं, तिथं जखमा करत राहतं, आणि रुग्णाला प्राणवायू लावावा तर त्यानं इजा वाढते. माणूस शुद्धीवर असतो, घरच्यांशी बोलत असतो आणि काही दिवसांत, काही आठवड्यांत श्वास संपतो. ओडिशात बुर्ला इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातले तरुण डॉक्टर याविरुद्ध उभे राहिले ते वॉर्डात हे रोज बघून. स्वित्झर्लंडनं 1989 मध्येच ते बंद केलं. युरोपीय संघात 2007 पासून बंदी आहे. चीननं देशांतर्गत वापर थांबवला. तरी इंग्लंडमधल्या हडर्सफील्डच्या कारखान्यात ते बनत राहिलं आणि बाहेरच्या देशांना जात राहिलं. स्वतःच्या शेतकऱ्याला जे देत नाहीत ते दुसऱ्याच्या शेतकऱ्याला विकायचं, हा व्यवहार मला अनैतिक वाटतो. दक्षिण कोरियानं 2011-12 मध्ये पॅराक्वाट बाजारातून काढलं. त्यानंतर कीटकनाशकं पिऊन होणाऱ्या आत्महत्या लक्षणीय घटल्या, आणि पिकांच्या उत्पादनात घट आली नाही. कर्जानं, घरातल्या भांडणानं क्षणभर खचलेला माणूस दुसऱ्या दिवशी सावरू शकतो. पॅराक्वाट त्याला तो दुसरा दिवस देत नाही. आपल्या कृषी सेवा केंद्रांच्या फळीवर ही बाटली असण्याचं एकही कारण उरलेलं नाही.

टू-फोर-डीची गोष्ट वेगळी आहे आणि ती खास आपल्या जिल्ह्याची आहे. हे संप्रेरकासारखं काम करतं, रुंद पानांच्या वनस्पतींना वेडंवाकडं वाढवून मारतं, उसाला आणि मक्याला मात्र सोडतं. उसात चांदवेल, केना, गाजर गवत माजलं की पहिली आठवण याचीच होते. पण रुंद पानांच्या पिकांत सगळ्यात नाजूक कोण असेल तर द्राक्ष. ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू योजनांनी कृष्णेचं पाणी वर चढवलं तसा तासगाव, खानापूर, कवठेमहांकाळ भागात द्राक्षबागांच्या बांधाला बांध लावून ऊस आला. पाणी आलं याचा आनंदच आहे. पण वेळापत्रक बघा: एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, नवी फूट निघते, तेव्हा शेजारच्या सुरू उसात फवारणी चाललेली असते. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर कोवळी पानं आणि घड बाहेर पडतात, तेव्हा पूर्वहंगामी उसात पंप फिरत असतो. बाजारात टू-फोर-डी तीन रूपांत मिळतं: सोडियम क्षार, अमाईन क्षार आणि इथाईल एस्टर. यातलं एस्टर उन्हानं वाफ होऊन उडतं. फवारताना वारा नसला तरी दुपारी तापल्यावर ते पानावरून उठतं आणि बांध ओलांडतं.

दोन-चार दिवसांनी बागेत गेलं की शेंड्याची पानं ओळखू येत नाहीत. शिरा एकमेकींच्या जवळ येतात, पान रुंद व्हायच्या ऐवजी मिटलेल्या पंख्यासारखं चुण्या पडून राहतं, कडांना टोकं येतात, शेंडा खाली वळतो. घडात मणी धरत नाहीत, धरले तर लहान-मोठे. एकरी काही लाखांचा खर्च केलेली बाग एका शेजाऱ्याच्या एका पंपानं हंगाम गमावते. नैसर्गिक आपत्ती नाही म्हणून पंचनामा नाही, विम्यात बसत नाही, आणि शेजाऱ्यानं मुद्दाम केलेलं नसतं म्हणून फिर्याद तरी कशाची द्यायची? मग बोलणं बंद होतं, पाटाच्या पाण्यावरून जुनी भांडणं निघतात. द्राक्षपट्ट्याच्या तालुक्यांत इथाईल एस्टरची विक्री थांबवायला काय हरकत आहे? त्याला पर्याय त्याच दुकानात आहे, त्याच रसायनाच्या कमी उडणाऱ्या क्षारात. छाटणीनंतरच्या दोन महिन्यांत बागेपासून ठरावीक अंतराच्या आत टू-फोर-डी नको, हा ठराव ग्रामसभा करू शकते. पाण्याच्या पाळ्या ठरवणारं गाव फवारणीच्या तारखाही ठरवू शकतं.

आता पाणी. या लेखाचं निम्मं कारण हेच आहे. ग्लायफोसेट मातीला घट्ट चिकटतं. गढूळ पाण्यात कालवलं तर काम करत नाही, हे कुठलाही शेतकरी सांगेल, ते याचमुळं. ॲट्राझिनचं तसं नाही. ते पाण्याबरोबर खाली उतरतं आणि टिकतं. मक्याला मारलेल्या ॲट्राझिननं पुढच्या पिकाची उगवण मार खाते, हा अनुभव नवा नाही. भूजलात सापडत राहिलं म्हणून युरोपनं या शतकाच्या सुरुवातीलाच ते बंद केलं. आपल्याकडं उसाला, मक्याला ते वर्षानुवर्षं पडतंय, आणि सरीत पाट सोडून पाणी द्यायची पद्धत कायम. जमिनी क्षारपड होईपर्यंत पाणी दिलेल्या वाळवा-मिरजेच्या नदीकाठावर भूजलाची पातळी किती वर आहे, हे वेगळं सांगायला नको. त्याच पट्ट्यातल्या विहिरी आणि बोअर माणसं पितात.

आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस 10500 मध्ये, याच्या मर्यादा लिहिलेल्या आहेत: ॲट्राझिन एका लिटरला 2 मायक्रोग्रॅम, टू-फोर-डी 30 मायक्रोग्रॅम. युरोपात कुठल्याही एका कीडनाशकाला किंवा तणनाशकाला मर्यादा 0.1 मायक्रोग्रॅम. म्हणजे ॲट्राझिनच्या बाबतीत आपण 20 पट सैल, टू-फोर-डीच्या बाबतीत 300 पट. ग्लायफोसेटचं नाव आपल्या त्या यादीत नाहीच. बरं, सैल तर सैल, निदान तेवढं तरी मोजावं. पण गावात पाण्याची जी तपासणी होते ती क्लोरीन, नायट्रेट, फ्लोराईड, क्षार आणि जिवाणूंची. जलजीवनच्या पेटीतल्या किटनं ॲट्राझिन कळत नाही. त्याला मोठं यंत्र आणि प्रयोगशाळा लागते. कृष्णेत मळीनं मासे मेले की फोटो छापून येतात, हरित लवादापर्यंत प्रकरण जातं, ते योग्यच आहे. तणनाशकानं मासे तरंगत नाहीत, रंग बदलत नाही, वास येत नाही. दिसत नाही म्हणून कुणी विचारत नाही.

आणि मोजायची अक्कल आपल्याकडं नाही, असंही नाही. 2003 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश सापडले आणि निर्यातीला धक्का बसला. त्यानंतर शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणारी केंद्राची अपेडा, पुण्याच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि शेतकरी यांनी मिळून जी व्यवस्था उभी केली ती देशात आदर्श ठरली. प्रत्येक निर्यातक्षम बागेची नोंद, बागेतून काढलेला नमुना, शेकडो रसायनांची तपासणी, पास झाल्याशिवाय कंटेनर हलत नाही. तासगावचा शेतकरी दशलक्षात किती भाग अंश चालतो हे तोंडपाठ सांगतो. हे आपल्याच माणसांनी केलं आणि अभिमान वाटावा असंच केलं. पण त्याच मेथोमिलवर आपल्या देशात बंदी यायला 2023 उजाडावं लागलं. वीस वर्षं युरोपच्या ताटाची काळजी आणि आपल्या ताटाचं काय, हा प्रश्न कडवट वाटेल, पण तारखा समोर आहेत. 2020 मध्ये केंद्रानं 27 रसायनांवर बंदीचा मसुदा काढला होता, त्यात ॲट्राझिन होतं, टू-फोर-डी होतं, डाययुरॉन होतं. 2023 मध्ये त्यातल्या मोजक्याच रसायनांवर बंदी आली. ही तिन्ही तणनाशकं सुटली.

सरकार काहीच करत नाही असं नाही. करतं ते कधी कधी जमिनीवर टेकत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्रानं आदेश काढला की ग्लायफोसेटची फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनीच करायची. हे कीडनियंत्रक म्हणजे शहरात वाळवी आणि उंदरांची कामं घेणारे. बत्तीस शिराळ्याच्या डोंगरात किंवा माणच्या माळावर तो कुठून येणार? आदेशानंतरही शेतकरी तोच, गडी तोच, पंप तोच. फक्त आता तो बेकायदा. त्यात ग्लायफोसेटची नोंदणी मुळात चहाचे मळे आणि पिकाबाहेरच्या जागेसाठी. साताऱ्यात चहा कुठं आहे? काही जण आता ग्लुफोसिनेट या दुसऱ्या तणनाशकाकडं वळताहेत, आणि त्याची परवानगी युरोपात 2018 मध्येच संपली. राज्याच्या हातात तर त्याहून कमी: 1968 च्या कीटकनाशक कायद्यानं राज्याला एखाद्या रसायनाची विक्री 60 दिवस आणि फार तर आणखी 30 दिवस थांबवता येते. त्यापुढचं दिल्लीत.

म्हणून मी गावाकडं आणि जिल्ह्याकडं जास्त बघतो. भांगलण परत आणता येणार नाही. पण भांगलणीचं काम कमी करता येतं. तुटलेल्या उसाचं पाचट पेटवायच्या ऐवजी एकाआड एक सरीत ठेवलं तर खोडव्यात तण उगवायला उजेडच मिळत नाही. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र हे किती वर्षं सांगतंय. ठिबक असलं तर मधला पट्टा कोरडा राहतो. लव्हाळ्याच्या गाठी उन्हाळी नांगरटीत वर आणून तापवल्या तर जो फरक पडतो तो पंपानं पडत नाही. पान जळतं, गाठ जिवंत राहते. बांधावर तर तणनाशक मारूच नये. बांध उघडा पडला की पहिल्या वळवाला खचतो, आणि बांधावरच घोळ, तांदुळजा, पाथरी असते, म्हशीची वैरण असते, मधमाशीची फुलं असतात. महाबळेश्वर तालुक्यातल्या ज्या मांघरनं मधाचं गाव म्हणून नाव मिळवलं, त्याच्याच जिल्ह्यात खाली बांध पिवळे जाळत जायचं, हे मनाला पटत नाही.

पाठीवरच्या पंपाचं काय? मला वाटतं हे काम साखर कारखान्यांनी उचलावं. ऊसविकास विभाग आहे, गटवार कर्मचारी आहेत, कुठल्या गटात लावण कधी झाली याची नोंद आहे. बेणं आणि खत उधारीवर देणारा कारखाना प्रशिक्षित फवारणी पथकही देऊ शकतो: गळत नसलेले पंप, हूड लावलेलं नोझल, हातमोजे, मोजमापाचा पेला, सकाळी दहाच्या आत काम, आणि त्या माणसांची वर्षातून एकदा रक्ततपासणी. कीडनियंत्रकाचा जो आदेश दिल्लीनं कागदावर काढला, त्याला असा गावातला माणूस मिळाला तर तो खरा होईल.

आणि विहिरी. सगळ्या जिल्ह्याची तपासणी एका वर्षात मागत नाही. कृष्णा-वारणेच्या काठची उसाची पंचवीस-तीस गावं घ्यावीत, प्रत्येक गावातली पिण्याची एक विहीर किंवा बोअर. नमुना वर्षातून दोनदा काढावा: सुरू लावणीची फवारणी आटोपल्यावर एप्रिलमध्ये, आणि जूनमध्ये पहिला मोठा पाऊस रानातून वाहून गेल्यावर. ॲट्राझिन, टू-फोर-डी, मेट्रिब्युझिन, डाययुरॉन आणि ग्लायफोसेट, एवढी पाच नावं बघावीत. यंत्रं आणि ती चालवणारी माणसं द्राक्षांमुळं पुण्यात आधीच आहेत. खर्च जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून निघू शकतो. अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आकड्यासकट लागला पाहिजे, शेजारी आयएस 10500 चा आकडा आणि युरोपचा आकडा लिहून. येत्या ऑगस्टच्या ग्रामसभेत ही मागणी लेखी द्यावी आणि इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय उठू नये.